पाच पट्ट्या खाली

नागपूर शहर, आसपासच्या वस्त्या आणि या क्षणी उन्हात उभे असलेले सर्व नागरिक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज सकाळी सव्वानऊ वाजता आमच्या घरचा कूलर गच्चीवरून उतरवून खिडकीत विराजमान करण्यात आला आहे. सोहळ्याला मी, माझी बायको मंदा आणि एक पाल असे तिघे उपस्थित होते. पाल हिवाळाभर कूलरच्या टाकीत राहत होती आणि तिने जागा सोडण्यास ठाम नकार दिला. मंदाने दोन शब्द बोलावेत अशी विनंती करण्यात आली. त्यावर ती म्हणाली, "तोंड चालवून राहिले तेवढे हात चालवा." या मार्गदर्शनानंतर कार्यक्रम संपला.

बाहेरगावच्या माणसाला यात एवढं काय ते कळणार नाही. त्यांच्याकडे उन्हाळा आपला आपण येतो. आमच्याकडे तो बसवावा लागतो. स्टँड शोधायचा, त्याचा एक पाय आखूड आहे हे दरवर्षी नव्याने आठवायचं, त्याखाली विटेचा तुकडा द्यायचा. जाळीच्या ताट्यांमधलं काळं पडलेलं गवत उपसून नवं भरायचं. मग त्या गवतावर पहिलं पाणी पडतं आणि सुताराच्या दुकानात कुणी घागर लवंडावी तसा ओल्या लाकडाचा, थोडा आंबूस वास घरभर होतो. त्या वासात माझे सगळे उन्हाळे एकमेकांना चिकटून बसलेले आहेत. माठाच्या तोटीखाली धरलेली ओंजळ, गच्चीवर वाळणाऱ्या कुरड्यांवरून धोंडा ठेवूनही उडालेला कपडा, दुपट्ट्यात तोंड बांधून डाकूसारखे दवाखान्यात जाणारे आमचे सभ्य शेजारी.

मला मात्र हा ऋतू नाकापेक्षा कानाने जास्त कळतो, कारण माझा धंदाच तो आहे. मी मोटरी गुंडाळतो. म्हणजे पंखा, पंप, कूलर यांच्या जळलेल्या मोटरी उघडून त्यातली तांब्याची तार काढायची आणि नवी भरायची. इतवारीच्या मागच्या एका गल्लीत माझं दुकान आहे. हातगाड्या, टेम्पो आणि भांड्यांचा खणखणाट यांच्या मधोमध बसून मी तीस वर्षं मोटरींचं घुमणं ऐकतो आहे. चांगली मोटर एका सुरात घुमते. बिघडलेली रडते. मार्चअखेरीस गल्लीगल्लीतून ते घुमणं सुरू झालं की माझं मन आपसूक चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये जाऊन बसतं. मी त्याला जाऊ नको म्हणतो. ते जातं.

आमच्या वस्तीची एक गाण्याची पार्टी आहे. जयंतीच्या दिवशी विहारासमोरच्या मैदानात स्टेज बांधतात, निळ्या पताका, निळे दिवे, पांढऱ्या साड्या, आणि कार्यक्रमाचं पहिलं गाणं आमच्या पार्टीचं. पार्टीत मी गिटार वाजवायचो. 'वाजवायचो' हा शब्द मी मोठेपणाने वापरला आहे. तरुणपणी एक ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा त्यातली एक लाल इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली, आणि तिच्याबरोबर पाच-सहा बोटांच्या जागा आल्या. ही बोटं इथे ठेवली की असा आवाज, तिथे ठेवली की तसा. त्याचं शास्त्र मला कधीच कळलं नाही. गिटारच्या मानेला पहिल्या घरात चिमटा लावायचा, नेहमीच्या जागी बोटं ठेवायची आणि शकूताईंकडे बघून मान हलवायची, एवढं माझं संगीत. सूर बदलला की मी परदेशात हरवलेल्या माणसासारखा होत असे. सुदैवाने सूर बदलत नसे, कारण शकूताईंचा सूर बदलत नसे.

शकूताई म्हणजे शकुंतलाबाई, आमच्या पार्टीच्या गायिका, वयाने माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या. नोकरी संपेपर्यंत रोज एसटीने उमरेडला शाळेत शिकवायला जात. खडखडणाऱ्या बसमध्ये मागच्या बाकावरून पुढच्या बाकावरच्या मैत्रिणीशी बोलायची सवय, त्यामुळे आवाज असा की माइक बंद पडला तर माइकवाल्यालाच कळायचं. पेटीवर नामदेवकाका. ते शकूताईंच्या शेजारच्या गल्लीत राहत, आणि डोळे अधू झाल्यापासून त्यांनी शकूताईंच्या सुराच्या पट्टीवर एक लाल टिकली चिकटवून ठेवली होती.

ती पट्टी म्हणजे काळी पाच, पेटीवरची पाचवी काळी पट्टी. बायकांच्या गळ्याला ही पट्टी उंच पडते. वस्तीत शकूताईंचा हा अभिमान होता आणि त्यांच्यापेक्षा आम्हालाच तो जास्त होता. आमच्या पार्टीत एक रिवाज आहे. गाणं सुरू होण्याआधी गाणाऱ्याने आपली पट्टी आपल्या तोंडाने मागायची. शकूताई पदर सारखा करत, पेटीकडे न बघता म्हणत, "काका, काळी पाच." मग काका तो सूर देत. तीस वर्षं पट्टी तीच, तरी मागितल्याशिवाय द्यायची नाही. आणि दुसऱ्या कुणी "जरा खाली घ्या" असं गाणाऱ्याला म्हणायचं नाही. पट्टी ही गाणाऱ्याची. ती कमी करायची असेल तर त्यानेच करायची.

चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात शकूताईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉइडची गाठ होती, ती निघाली, जीवाला धोका नव्हता. पण फेब्रुवारीत एका बारशात बायकांनी आग्रह केला म्हणून त्या गायल्या, आणि अंतऱ्याला वर जाताना आवाज फाटला. कापडाच्या दुकानात ताग्याला हाताने टरकावतात तसा. बायका आपापल्या मांडीकडे बघू लागल्या. शकूताई थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि पुढचं कडवं न गाता म्हणाल्या, "चला, पेढे वाटा."

मार्चमध्ये त्यांनी निरोप पाठवला की यंदा तालमीला येणार नाही, गळा जपते आहे, जयंतीला सरळ स्टेजवर येईन. झालं. नामदेवकाका आणि मी विहाराच्या मागच्या खोलीत एका दुपारी समोरासमोर बसलो. वर पंखा होता, तो मीच गुंडाळलेला, म्हणून त्याला नावं ठेवायची सोय नव्हती.

"काका, ताई काळी पाचच मागतीन," मी म्हणालो.

"मांगनच ना. मरस्तोवर तेच मांगन ते."

"अन् अंतऱ्याले फाटला त? सगळ्या वस्तीपुढं?"

"मंग तू सांग तिले. म्हण का ताई, जरा खाली घ्या."

"मी? मले जीव प्यारा हाय."

"मले बी हाय," काका म्हणाले. "मी त तिच्या गल्लीले लागून राहतो."

घाबरलेल्या पुरुषांना हमखास एखादा तांत्रिक उपाय सुचतो, तसा मला सुचला. ताईंना सांगायचंच नाही. त्या काळी पाच मागतील, काका पांढरी चार देतील. काळ्या-पांढऱ्या मिळून पाच पट्ट्या खाली. ताई पेटीकडे बघत नाहीत. त्या बघतात माझ्या डाव्या हाताकडे. माझी बोटं नेहमीच्या जागी बसली की त्या श्वास घेतात. म्हणजे माझा हात तिथेच दिसला पाहिजे आणि आवाज मात्र पाच पट्ट्या खालून आला पाहिजे. काकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "दिल्या, तू लय हरामखोर हायेस गा." मला ते कौतुक वाटलं. अजूनही थोडं वाटतं, हीच तर अडचण आहे.

अशी गिटार असते. तिला बॅरिटोन म्हणतात. भरदार पुरुषी गळ्याची, नेहमीच्या गिटारपेक्षा खाली बोलणारी. नवी घेण्याची गरज नव्हती, माझ्याच लाल गिटारची करता येणार होती, आणि खरं सांगतो, त्या पंधरा दिवसांइतका आनंद मला क्वचित कशात झाला असेल. नुसत्या तारा सैल करून सूर खाली आणला तर त्या वाळत घातलेल्या सुतळीसारख्या लोंबतात. जाड तारा हव्यात. त्या मोबाइलवरून मागवल्या. सगळ्यात जाडी तार जवळजवळ सायकलच्या ब्रेकच्या वायरीएवढी. मानेच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्यातल्या सहा खाचांत तारा बसतात. त्या खाचांत या तारा मावेनात. मग गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या खरखरीत सुया असतात ना, त्यांतल्या बारीक-जाड सुया निवडून एकेक खाच घासली. घासायचं, फुंकायचं, तार बसवून बघायची, पुन्हा घासायचं. जास्त घासली की तार खडखडते आणि घासलेलं परत भरता येत नाही. खुंटीच्या भोकातून जाडी तार जाईना, तिथे ड्रिल चालवलं. जाड तारांनी अशी ओढ दिली की गिटारची मान पुढे झुकली. मानेच्या आत एक सळई असते, ती चावीने रोज पाव आटा फिरवून मान हळूहळू सरळ केली. शेवटी खालच्या टोकाला प्रत्येक तारेचा आधार मागे सरकवत सरकवत वरच्या घरांतले सूर जुळवले. दुकानात जळक्या मोटरींचा ढीग साचला आणि गिऱ्हाईकं घामाने निथळत "झाली का?" विचारत होती, तेव्हा मी आत बसून सुईने खाच घासत होतो.

पहिल्यांदा छेडली तेव्हा ते माझ्या पोटाला आधी कळलं, कानाला नंतर. गिटार पोटाशी धरली होती आणि तो आवाज बरगड्यांतून वर आला. मी मंदाला बोलावलं. "आयक." जाडी तार छेडली. मंदा कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कूलर आयकू येऊन राहिला." मी कूलर बंद केला, पुन्हा छेडली. तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "ताईले सांगतलं का तुमी?" मी म्हणालो, गंमत आहे, सांगायची नसते. "ताईची गंमत ताईले न सांगता?" एवढं बोलून ती स्वयंपाकघरात गेली. माझ्या आयुष्यात मंदाची शहाणी वाक्यं अशीच दारातून आत जाताना आलेली आहेत, आणि मी दरवेळी बाहेरच्या खोलीत असतो.

जयंतीच्या संध्याकाळी ऊन उतरलं होतं पण मैदानातली माती तव्यासारखी होती. स्टेजच्या दोन्ही अंगांना पाहुण्यांसाठी लोखंडी ड्रमचे दोन मोठे कूलर घुमत होते. त्यांच्या घुमण्यात माझी जाडी तार विरघळून जाणार, हे मला मंदाच्या कृपेने ठाऊक होतं. मी गंभीर चेहऱ्याने जाऊन दोन्ही कूलरच्या मोटरींना हात लावला आणि जाहीर केलं, "कॉइल तापली आहे, बंद नाही केले तर जळतील." वस्तीत माझ्या या शब्दाला डॉक्टरच्या शब्दाइतका मान आहे. कूलर बंद झाले. प्रमुख पाहुणे कार्यक्रमपत्रिकेने वारा घेऊ लागले. मला इतकं हसू येत होतं की मी वाकून गिटारची वायर तपासण्याचं सोंग केलं.

शकूताई आल्या. नवी पांढरी साडी, निळा काठ. चालणं ताठ. माइकपुढे उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "काका, काळी पाच."

त्या वर्षी त्यांनी ते नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हटलं. पहिल्या रांगेला ऐकू गेलं असेल इतकं. माझ्या ते तेव्हाच लक्षात आलं होतं. मी त्याचा अर्थ लावायला थांबलो नाही.

काकांनी पांढरी चार दिली. लाल टिकली पाच पट्ट्या पलीकडे आपल्या जागी बसून होती. मी चिमटा लावला, बोटं नेहमीच्या जागी ठेवली, आणि छेडलं. ताईंनी माझ्या हाताकडे बघितलं, हात जिथल्या तिथे होता. त्यांनी श्वास घेतला. भरपूर, वर चढायला घेतात तसा. आणि मग तो श्वास छातीत तसाच थांबला. गाणाऱ्याला पट्टी डोळ्यांनी कळत नसते, गळ्यालाच कळते, ही गोष्ट पार्टीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला ठाऊक असायला हवी होती. त्यांनी पुन्हा माझा हात बघितला. मग माझा चेहरा. मी मान हलवली. मी हसलोसुद्धा, असं मला वाटतं.

त्यांनी डोळे मिटले आणि गाणं उचललं. खालच्या पट्टीत, न थांबता, कुठेही न फाटता. इतकं जड आणि खोल गाणं मी त्यांच्याकडून आधी ऐकलं नव्हतं. अंतरा संपला तेव्हा मैदान उभं राहिलं. म्हातारी माणसं म्हणाली, बाईचा आवाज कसा भारदस्त झाला. मी दोन्ही हातांनी ते कौतुक गोळा करत होतो. त्या रात्री जेवताना मी मंदाला सगळा प्रसंग तीनदा सांगितला, दर वेळी माझा वाटा थोडा वाढवून. शकूताई गाणं संपल्यावर घरी गेल्या होत्या. दमल्या असतील, मी म्हणालो.

पुढच्या वर्षी त्यांनी निरोप पाठवला की नातीची परीक्षा आहे. त्याच्या पुढच्या वर्षी निरोप आला नाही. आता पहिलं गाणं एक तरुण मुलगी गाते, छान गाते, आणि तिच्या पट्टीला माझ्या बोटांची एकही जागा लागू पडत नाही, म्हणून मी तबल्यामागे बसून टाळ्या देतो. शकूताई समोर खुर्चीत बसतात. वाटेत भेटल्या तर "जय भीम" म्हणतात, मीही म्हणतो, आणि आम्ही दोघं आपापल्या बाजूने पुढे जातो. घरातसुद्धा त्या गात नाहीत, हे मला त्यांच्या सुनेकडून कळलं.

उरलेलं नामदेवकाकांनी सांगितलं, गेल्या वर्षी, दवाखान्यातल्या खाटेवरून. त्या मार्चमध्ये शकूताई रोज पहाटे त्यांच्या घरी येत होत्या. पेटीवर एकेक पट्टी चढत. पहिल्या आठवड्यात पांढरी चार. मग काळी तीन, पांढरी पाच. जयंतीच्या आधी काळी पाचला पोचल्या होत्या. कधी लागायची, कधी फाटायची. शेवटच्या पहाटे लागली होती.

"मंग मले काहून नाही सांगतलं काका?"

"तू काहून नाही इचारलं?" काका म्हणाले, आणि बराच वेळ खोकले. मग म्हणाले, "मले वाटलं, बारशात फाटला तसा फाटला तर. मी नसतो पाहू शकलो गा." महिन्याभराने ते गेले. त्यांना दोष द्यायची जागाच माझ्याकडे नव्हती. मी तरी कुठे पाहू शकलो असतो?

लाल गिटार कपाटावर आहे. तिला पुन्हा पहिल्यासारखं करणं अवघड नाही. बारीक तारा त्या घासलेल्या खाचांत खडखडतील, म्हणून मानेच्या टोकाची ती पांढरी पट्टी बदलायची. अर्ध्या तासाचं काम. चार वर्षांत तो अर्धा तास मी काढलेला नाही. कधीतरी दुपारी मंदा झोपली की मी ती काढतो आणि जाडी तार एकदाच छेडतो. आवाज अजून तितकाच देखणा आहे. हे मला कुणाला सांगता येत नाही, की ज्या गोष्टीची लाज वाटते ती कानाला इतकी गोड लागते. मी चांगलं काम केलं होतं. एकही खाच जास्त घासली गेली नव्हती.

आणि गेल्या मंगळवारी दुपारी शकूताई माझ्या दुकानात आल्या. कापडी पिशवीत कूलरचा पंप. "पानी वर फेकत नाही," म्हणाल्या. दुकानात सावनेरचा एक शेतकरी आपली मोटर घ्यायला थांबला होता, त्याने स्टूल रिकामं करून दिलं. मी पंप उघडला, कचरा अडकला होता, दोन मिनिटांचं काम. ते मी वीस मिनिटं करत बसलो. या प्रसंगासाठी मी चार वर्षं भाषण तयार ठेवलं होतं. त्यात सुरुवातीला विनोद होता, मध्ये माझी कारागिरी होती आणि शेवटी आवाज भरून येणार होता. त्यातलं काही आलं नाही. मी पंपाकडे बघत सांगून टाकलं. तारा, सुया, काका, पांढरी चार, कूलर बंद केले ते, तुम्ही पहाटे चढत होता हे मला ठाऊक नव्हतं ते, आणि विचारलं नाही तेही. म्हणालो, ताई, फाटला असता तर सगळ्या वस्तीसमोर तुम्हाला कसं झालं असतं, म्हणून केलं, तुम्हाला सांभाळायला केलं.

त्या ऐकत होत्या. बाहेर टेम्पो मागे घेणारा कुणीतरी हातगाडीवाल्याशी भांडत होता. पंप मी पिशवीत घालून पुढे केला. त्यांनी तो घेतला, उठल्या, दुकानाच्या पायरीपर्यंत गेल्या, आणि तिथून वळून, त्या अनोळखी शेतकऱ्यादेखत, बसमधल्या जुन्या आवाजात म्हणाल्या:

"फाटला असता त माहा फाटला असता ना गा दिल्या, तुमाले दोघाले कोनं सांगतलं होतं सांभाळाले?"